सोड्यांचा माज

सीकेपी घरात जन्मलेल्या पुरुषाला सोडे ओळखणं आणि सोड्यांवर मत देणं या दोन गोष्टी शिकाव्या लागत नाहीत. तिसरी गोष्ट, म्हणजे सोडे शिजवणं, ही या दोहोंतून आपोआप येते असं त्याला वाटत असतं. माझी ही समजूत निवृत्तीपर्यंत शाबूत राहिली, कारण तिची परीक्षा होईल इतका वेळ मी कधी स्वयंपाकघरात थांबलोच नाही.

रोह्याला आमच्या घरी सोडे वांग्यात पडत, बटाट्यात पडत, शेवग्याच्या शेंगांत पडत आणि रविवारी खिचडीत पडत. मी पाटावर बसून ‘आज जरा चिवट झालेत’ किंवा ‘मागच्या खेपेचे जरा मोठे होते’ असे शेरे मारत असे. आई काही बोलत नसे. आईचं न बोलणं म्हणजे संमती, असा हिशेब मी धरला होता. ताई मात्र एकदा म्हणाली होती, ‘याला एकदा चुलीपुढे बसवा गं, म्हणजे मोठे-लहान कळतील.’ ते कोणी मनावर घेतलं नाही. मुलगा होतो ना.

पुढे बायकोची बँकेतून एर्णाकुलमला, म्हणजे कोचीलाच, बदली झाली आणि मी स्वेच्छानिवृत्त असल्यामुळे सामानाबरोबर गेलो. बायको सकाळी बँकेत जाई. मी बाल्कनीत बसून पाऊस बघे. जून-जुलैचा कोचीचा पाऊस हा बघण्यासारखा असतो, पण पंधरवडाभर तोच तो बघितल्यावर माणूस काहीतरी करायला उठतो. असल्या उठण्यातूनच माझं आजवरचं नुकसान झालेलं आहे.

तर त्याच सुमारास वरच्या मजल्यावरच्या चेचींनी स्टीलच्या डब्यात एक भाजी पाठवली. चेची म्हणजे मल्याळममध्ये ताई; या चेची निवृत्त शिक्षिका, मूळच्या वायपिन बेटावरच्या. डब्यात होतं कारलं आणि सुक्या कोलंबीचं तोरन. तोरन म्हणजे बारीक चिरलेली भाजी, ओल्या खोबऱ्याबरोबर वाफेवर शिजवून कोरडी केलेली. पांढरट हिरव्या कारल्याच्या पातळ चकत्या, त्यात तांबूस कोलंबी, कढीपत्ता आणि ठेचलेलं खोबरं. मी दारातच उभ्याउभ्या चव घेतली. आधी कडू लागलं, मग त्या कडूच्या मागून कोलंबीची खारट गोडी आली आणि शेवटी खोबऱ्याने दोघांची समजूत काढली. दार लावून आत येईपर्यंत डबा रिकामा होता. संध्याकाळी बायकोने विचारलं, ‘माझ्यासाठी ठेवलंत का?’ मी विषय बदलला.

आता रिकामं भांडं परत देऊ नये, हा आपल्याकडचा रिवाज. वाटीत निदान साखर तरी घालून द्यावी. एखाद्या शहाण्या माणसाने साखर घातली असती, फार तर चिवडा. मी चेचींना जिन्यात गाठून सांगितलं, की हा पदार्थ म्हणजे मुळात आमचाच, कोकणात सोडे म्हणतात त्यांना, समुद्र एकच आहे, तेव्हा डबा मी माझ्या हातच्या कारलं-सोड्यांनी भरून देईन. चेचींनी चष्म्यातून माझ्याकडे पाहिलं. ‘सार कुकिंग करतात?’

‘थोडंफार,’ मी म्हणालो. विनय दाखवावा लागतो.

बायकोला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, ‘अहो, तुम्हाला कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नाहीत.’ हे खरं आहे, पण अप्रस्तुत आहे. तोरनला कुकर लागत नाही.

ब्रॉडवेच्या बाजूला एर्णाकुलम मार्केट आहे, तिथे गेलो. केरळात ९ जूनच्या मध्यरात्रीपासून ३१ जुलैपर्यंत ५२ दिवस ट्रॉलरना समुद्रात जायला बंदी असते. छोट्या पारंपरिक होड्या जातात, पण ताज्या मासळीचा भाव चढतो, आणि मग सुक्या मासळीच्या दुकानांना बरकत येते. हे मला नवीन नव्हतं. आपल्याकडेही आगोट भरतानाच सुके बोंबील, जवळा, सोडे डब्यांत भरून ठेवायचे ते याचसाठी. दुकानात मांदेली, तारली, मुशी असले ओळखीचे चेहरे सुकून पडलेले दिसले आणि मी एकदम माहेरी आल्यासारखा वागू लागलो. मूठभर कोलंबी उचलली, नाकाशी नेली, डोळे मिटले. वडील असं करत. डोळे मिटून ते नेमकं काय तपासत होते हे त्यांनी कधी सांगितलं नाही, त्यामुळे मी थोडा वेळ नुसते मिटून ठेवले.

दुकानदाराने दोन ढीग दाखवले आणि मल्याळममध्ये काहीतरी विचारलं. हाताने मीठ भुरभुरल्याचा अभिनयही केला. म्हणजे मिठातली हवी की बिनमिठाची, हे तो विचारत होता. हे मला आज कळतंय. त्या वेळी मी जाणकारासारखी मान हलवली आणि मोठ्या आकाराच्या ढिगाकडे बोट दाखवलं. ती मिठातली होती.

कारली शेजारच्या गाळ्यावर मिळाली. आपल्याकडची गर्द हिरवी, काटेरी, रागावलेली कारली आणि केरळातली लांबलचक फिकट कारली यांत फार अंतर आहे. केरळ कृषी विद्यापीठाने काढलेल्या कारल्याच्या वाणांची नावं ‘प्रीती’, ‘प्रिया’ आणि ‘प्रियांका’ अशी आहेत. ज्या कोणी ही नावं ठेवली त्याच्या संसाराविषयी मला कुतूहल आहे. मी घेतलं ते प्रीती होतं की प्रियांका ते ठाऊक नाही, पण पिशवीतून नेताना ते सौम्य, शालीन वगैरे दिसत होतं.

घरी येऊन कोलंबी कोमट पाण्यात भिजत घातली. सोडे भिजत घालायचे असतात, इतकं मी पाटावरून पाहिलं होतं. थोड्या वेळाने पाणी चहासारखं झालं आणि त्यातून असंख्य मिशा वर आल्या. जरासा अस्वस्थ होऊन मी ताईला व्हिडिओ कॉल लावला. तोंडाने अर्थातच सांगितलं, की सहज केला.

‘काय करतोस?’

‘सोडे भिजत घातलेत. कारल्यात घालणार आहे.’

‘दाखव बघू.’ मी पातेल्यावर फोन धरला. ताई बराच वेळ गप्प. मग म्हणाली, ‘अरे, हे सोडे नाहीत.’

‘ताई, इकडचे सोडे असेच असतात.’

‘सोडे म्हणजे सोललेले. सोलून वाळवतात म्हणून ते सोडे. तुझ्या पातेल्यातले डोळे वटारून माझ्याकडे बघतायत. ही सुकटीची थोरली बहीण आहे. भिजवलीस कशाला? कोरडी भाजायची, कुरकुरीत झाली की चोळायची, डोकी-पाय-शेपट्या सुट्या होतात, मग सुपात पाखडायची. आता भिजल्यावर सालं चामड्यासारखी होतील आणि डोकं काढायला गेलास तर धड हातात येईल.’

‘हॅलो? हॅलो?’ मी म्हणालो. ‘आवाज येत नाहीये, ताई.’ आवाज स्वच्छ येत होता.

मी एक डोकं काढून पाहिलं. धड हातात आलं.

केरळातल्या कोलंबीविषयी माझं त्याआधीचं सगळं ज्ञान ‘चेम्मीन’ या सिनेमापुरतं होतं. तकळी शिवशंकर पिळ्ळ्यांच्या १९५६ सालच्या कादंबरीवर रामू करियाटने १९६५ साली तो काढला, राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळवलं, संगीत सलील चौधरींचं. त्यात समुद्र आहे, प्रेम आहे, शाप आहे, कर्ज काढून घेतलेली होडी आहे. नावातच कोलंबी आहे. पण तिचं डोकं कसं काढावं हे इतक्या लांबलचक सिनेमात कोणीही कोणालाही सांगत नाही. कलात्मक सिनेमाची ही मर्यादा माझ्या तेव्हा लक्षात आली.

इकडे कारल्याला मी मीठ लावून ठेवलं होतं. मीठ पाणी ओढून घेतं आणि त्या पाण्याबरोबर थोडा कडूपणाही उतरतो, हे शास्त्र बरोबर आहे. चकत्या पिळून वर एकदा पाण्यातून काढायच्या, हे शास्त्राचं पुढचं पान. ते मी वाचलं नव्हतं. म्हणजे आता मिठातली कोलंबी, मिठातलं कारलं, आणि वर पाककृतीत ‘मीठ चवीपुरतं’ असतंच. तेही मी घातलं. चवीपुरतं.

तेलाचा प्रश्न होता. तोरन करायचं तर खोबरेल तेल, असा वरच्या मजल्याचा दंडक. आम्हा मराठी माणसांच्या डोक्यात खोबरेल तेल डोक्यालाच लागतं. ते खायचं की केसांना लावायचं, यावर करखात्याने इतकी वर्षं कोर्टकचेऱ्या केल्या, की शेवटी १८ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला: छोट्या बाटलीतलं शुद्ध खोबरेलही खाद्यतेलच, जोवर बाटलीवर केसांचं तेल असं लिहिलेलं नाही. मी न्यायालयाचा मान राखून कढई गॅसवर ठेवली आणि तेल ओतलं. तेल तापलं आणि सगळं स्वयंपाकघर शाळेत निघालेल्या मुलीच्या वेण्यांसारखं दरवळू लागलं.

इथे मी एक गोष्ट केली, ती सवयीने. पुण्यात आम्ही ज्या सोसायटीत राहायचो तिथे लिफ्टमध्ये एक पाटी होती: ‘उग्र वासाचे पदार्थ शिजवताना शेजाऱ्यांचा विचार करावा.’ उग्र म्हणजे काय हे लिहिलं नव्हतं, पण आमच्या मजल्यावर एकच मासे खाणारं घर होतं, त्यामुळे खुलाशाची गरजही नव्हती. तेव्हापासून आमच्याकडे सुकट भाजायची म्हणजे युद्धाची तयारी असे. खिडक्या बंद, दाराच्या फटीला ओला टॉवेल, आणि मोगऱ्याच्या उदबत्त्यांचा अख्खा जुडगा पेटता. हात आपसूक चालले. खिडक्या लावल्या. टॉवेल भिजवला. उदबत्त्या पेटवल्या. ज्या शहरात सुकी कोलंबी भाजल्याचा वास आला तर शेजारी ‘आज जेवायला काय’ असं विचारत येतात, त्या शहरात मी हा बंदोबस्त करत होतो.

मग गॅस मोठा केला. टीव्हीवर सगळे मोठाच करतात. न गाळता आणलेलं घाण्याचं खोबरेल रिफाइंड शेंगतेलापेक्षा लवकर धुरावतं, माझं धुरावलं. मोहरी टाकली, ती तडतडली नाही, जळाली. सुक्या लाल मिरच्या टाकल्या, त्या काळ्या पडल्या. धुतलेला ओला कढीपत्ता टाकला आणि कढईने माझ्यावर गोळीबार केला. त्या धांदलीत खोबरं आधीच पडलं. तोरनात खोबरं, छोटे कांदे, हिरवी मिरची, हळद आणि जिरं जाडसर ठेचून भाजीबरोबर झाकणाखाली मंद आचेवर ठेवतात, म्हणजे ते भाजीच्या वाफेत शिजतं. माझं ते उघड्या कढईत, धुरकट तेलात, भाजीच्या आधी पोचलं, आणि ज्या वेगाने ते तांबूस, तपकिरी, मग काळं झालं तो वेग मला थांबवता आला नाही, कारण जळक्या मिरचीमुळे मला दिसतच नव्हतं. मी अंदाजाने कारलं लोटलं. अंदाजाने कोलंबी लोटली, पाण्यासकट. त्यानंतर जो आवाज झाला तो ऐकून मी स्वयंपाकघराबाहेर आलो आणि दार ओढून घेतलं. धूर कोंडला की वास बाहेर जात नाही, असा माझा विचार.

वास बाहेर जात नव्हता हे खरं. पण बाथरूमच्या झरोक्यातून धूर डक्टमध्ये जात होता, आणि तो डक्ट वरपासून खालपर्यंत सगळ्या मजल्यांचा सामाईक होता. पहिली खोकली चौथ्या मजल्यावरची वृद्ध बाई. मग तिसऱ्यावर कोणीतरी. मग सगळी इमारत एका तालात खोकू लागली. मी हॉलमध्ये उदबत्त्यांच्या जुडग्यापाशी उभा राहून ऐकत होतो आणि स्वतःशी म्हणत होतो, की पावसाळ्यात साथ असतेच.

बेल वाजली. दार उघडायला गेलो तर ओल्या टॉवेलात पाय अडकला, आणि मी दार उघडलं ते जवळजवळ साष्टांग घालून. बाहेर सिक्युरिटीवाले चेट्टन, म्हणजे तिकडचे दादा, अग्निशामक नळकांडं घेऊन पिन ओढायच्या बेतात. त्यांच्या मागे असोसिएशनचे सेक्रेटरी. त्यांच्या मागे समोरच्या फ्लॅटमधले गृहस्थ, चेहरा गंभीर, हात जोडलेले. त्यांना मोगऱ्याच्या उदबत्त्यांचा वास आला होता आणि घरात कोणी गेलं असावं, असं वाटलं होतं. मी डोळे पुसत पुसत ‘नो, नो, एव्हरीवन ओके’ म्हणालो. डोळ्यांतून पाणी वाहत असल्यामुळे त्यांचा विश्वास बसला नाही. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

चेट्टननी स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि नळकांडं कढईवर रोखलं. पावडर कढईत पडली असती तर, आज विचार करता, चव सुधारण्याची शक्यता होती. पण तेवढ्यात चेची जिन्यावरून खाली आल्या. त्यांनी आधी गॅस बंद केला. मग एकेक करून सगळ्या खिडक्या उघडल्या. मग हवेत एकदाच नाक उचललं आणि त्या जमलेल्या मंडळींना मल्याळममध्ये काहीतरी म्हणाल्या. सगळ्यांचे चेहरे एकदम मोकळे झाले. उणक्क चेम्मीन, एवढंच मला कळलं. सुकी कोलंबी.

यानंतर लोक आपापल्या घरी जातील असं मला वाटलं होतं. पण केरळात एखाद्याची भाजी करपली तर ती त्याची खाजगी बाब राहत नाही. जमलेल्यांतले कण्णूरचे एक गृहस्थ म्हणाले, कैरीचे काप हवेत, त्याशिवाय सुक्या कोलंबीला अर्थ नाही. तिरुवनंतपुरमच्या बाईंना खोबऱ्याबरोबर लसूण ठेचलेलाच हवा होता. सेक्रेटरी म्हणाले, खोबरं हवंच कशाला. कारलं नुसतं तेलावर परतत राहायचं, कडेने कुरकुरीत होईपर्यंत, त्याला मेळुक्कुपुरट्टी म्हणतात, आणि पुरुषाने तेवढंच करावं. हे ऐकून चेट्टन हसले. नळकांडं खाली ठेवून त्यांनी कढईतली एक कोलंबी उचलली, मिशांसकट तोंडात टाकली, चावली, थांबले, आणि अतिशय अदबीने खिडकीपाशी गेले.

आपल्याकडे म्हण आहे, कारलं तुपात तळलं आणि साखरेत घोळलं तरी कडू ते कडूच. म्हण करणाराने तूप वापरून पाहिलं होतं, साखर वापरून पाहिली होती. माझा प्रयोग त्याच्या पुढचा होता. माझं कारलं आता कडू लागत नव्हतं. ते इतकं खारट आणि जळकं होतं, की कडूपणाला पुढे यायला वाव मिळाला नव्हता. चिवट सालाचे तुकडे दातांत अडकत होते आणि मधूनच वाळू कचकचत होती. मी गुळाचा खडा घालायला निघालो. चेचींनी माझा हात धरला. शिक्षिकाच त्या, उभ्या आयुष्यात बरेच हात त्यांनी असे धरले असणार.

नेमकी त्याच वेळी बायको आली. लिफ्टबाहेर पाऊल टाकल्यावर तिला काय दिसलं असेल, हे मला आजही कल्पनेने बघवत नाही: दार सताड उघडं, आत अर्धी इमारत, कोपऱ्यात धुमसणाऱ्या उदबत्त्या, अग्निशामक नळकांडं, आणि मध्यभागी लाल डोळ्यांचा नवरा, ज्याला समोरचे गृहस्थ अजूनही थोपटतायत. तिने मला विचारलंच नाही काही. तिने चेचींना विचारलं, ‘कढई वाचेल का?’

कढई वाचली. चेचींनी त्यात पाणी आणि चिंच घालून उकळवलं. माझ्या भाजीचं काय झालं ते सांगत नाही. इमारतीच्या मागे एक मांजर येतं, त्याने ती हुंगली आणि ते दोन दिवस आलं नाही.

संध्याकाळी चेचींनी नवा डबा पाठवला. दरम्यान पहिला डबा मी बाजारातल्या केळ्याच्या चिप्सनी भरून परत केला होता, त्यावर त्या ‘हे छान केलंत’ एवढंच म्हणाल्या. नव्या डब्यात तेच तोरन होतं, या वेळी कैरी घातलेलं. कण्णूरचा पक्ष जिंकला होता. मी त्याचा फोटो काढला आणि ताईला पाठवला. खाली काही लिहिलं नाही. मी केलं असंही नाही, मी केलं नाही असंही नाही. फोटोखाली लिहायलाच हवं असा काही नियम नाही.

ताईने तो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. अर्ध्या तासात भाच्याच्या बायकोने कृती मागितली, पेणच्या काकूंनी ‘आईचा हात आला रे तुझ्या हाताला’ असं लिहिलं, आणि मी त्याखाली नमस्काराचे हात चिकटवले. त्याच रात्री इमारतीच्या ग्रुपवर सेक्रेटरींची सूचना आली: रहिवाशांनी स्वयंपाक करताना कृपया खिडक्या उघड्या ठेवाव्यात. उभ्या आयुष्यात कुठल्याही सोसायटीने मला खिडक्या उघडायला सांगितलं नव्हतं. बायकोने ती सूचना मोठ्याने, दोनदा वाचून दाखवली.

आता ताई, मेव्हणे आणि पेणच्या काकू दिवाळीनंतर कोचीला येतायत. तिकिटं काढून झाली. काकूंनी कळवलंय, बाहेरचं काही नको, तुझ्या हातचं ते कारलं तेवढं कर. म्हणून सध्या रोज दुपारी मी वरच्या मजल्यावर शिकवणीला जातो. चेची कोरडी भाजलेली कोलंबी सुपात ओतून माझ्यापुढे ठेवतात. मी डोकी, पाय, शेपट्या चोळून काढतो आणि पाखडतो. त्या बाजूला बसून वर्तमानपत्र वाचतात आणि मधूनच, मान वर न करता, एखादं राहिलेलं डोकं दाखवून देतात. गॅसपाशी मला अजून जाऊ देत नाहीत.